पलीकडच्या गावची माती

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभार राहत असे. त्याच्या गावच्या तळ्याकाठची माती लोण्यासारखी मऊ. ती चाकावर ठेवली की माठ आपोआप उभा राहतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. स्वतःच्या हातांचं श्रेयसुद्धा बिचारा मातीलाच देऊन टाकायचा.

त्याचा मुलगा मल्हारी कर्तासवरता झाला, त्याचं लग्न झालं. एका गावात दोन कुंभारांची मडकी खपेनात, म्हणून त्याने डोंगरापलीकडच्या गावात बिऱ्हाड थाटायचं ठरवलं. मुलगा वेगळा निघाला की आईबापांनी त्याला एक नवं चाक आणि मडकी ठोकायची एक थापी द्यायची, अशी तिथल्या कुंभारांची रीत होती. कुंभाराने दोन्ही दिलं. पण निरोप देताना त्याला राहवलं नाही.

"तिकडची माती कशी निघेल कुणास ठाऊक. मी आपलीच आणून देत जाईन," तो म्हणाला.

"किती दिवस?" कुंभारणीने विचारलं.

"त्याचा जम बसेपर्यंत."

मग दर आठवड्याला कुंभार माती खणायचा, चाळायचा, गाढवावर लादायचा आणि डोंगर ओलांडून मुलाच्या अंगणात ओतायचा. मल्हारीची मडकी खपत होती. जम मात्र बसेना, कारण तो बसवायची गरजच कुणाला नव्हती. अशी दोन-तीन वर्षं गेली. इकडे कुंभाराचं स्वतःचं चाक धूळ खात पडलं. उन्हाळा तोंडावर आला तरी घरात विकायला एक माठ नाही. कुंभारीण भाकरीबरोबर नुसतं मीठतिखट वाढू लागली. पोराचं बरं चाललंय ना, असं म्हणून कुंभार तेच गोड मानून खायचा.

एके दिवशी गाढव लंगडलं. कुंभाराने माती पाटीत भरली आणि पाटी डोक्यावर घेतली. कुंभारीण दारात आडवी उभी राहिली.

"अहो, या वयात डोंगरावर पाय मोडला, तर पोरानं मडकी घडवायची का तुम्हाला सांभाळायचं? आणि आपण खायचं काय?"

"मग काय पोराला वाऱ्यावर सोडू?"

"सोडा कोण म्हणतंय? जावा की. पण रिकाम्या हातानं जावा."

रिकाम्या हाताने लेकाच्या घरी? कुंभार वाटभर धुसफुसत राहिला.

मल्हारी दारातच उभा होता. "आबा, माती कुठाय?"

ना या, ना बसा. कुंभाराच्या मनाला ते फार लागलं. तेवढ्यात त्याला कुंपणापाशी तडकलेल्या मडक्यांचा ढीग दिसला; माती ओतून परतायच्या घाईत तो आजवर नजरेत भरला नव्हता.

"हे काय रे?"

"नवा आलो तेव्हा इथली माती वापरून बघितली होती. सगळी मडकी तडकली. मग तुमची माती यायला लागली, म्हणून नाद सोडला."

कुंभार खाली बसला. पोराने इथल्या मातीत हात घातला होता, आणि आपणच त्याचा हात सोडवला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"चल, दाखव ती माती," तो म्हणाला.

ओढ्यावरची माती त्याने चिमटीत चोळून पाहिली. "फार चिकट आहे. वाळताना आवळत असणार."

"मग काय करायचं?"

"मलाही ठाऊक नाही रे बाळा. मी जन्मभर एकाच तळ्याची माती मळली. आता दोघं मिळून शिकू."

कुंभार तिथेच राहिला. त्यांनी मातीत वाळू मिसळली, तर मडकी तडकली. वाळू वाढवली, तर पाझरली. मग वाळू कमी करून चाळलेली राख घातली. बापलेकांनी पायांनी माती तुडवली, एकमेकांवर चिडले, हसले, पुन्हा तुडवली. शेवटी भट्टीतून एक माठ अखंड निघाला. रंगाला थोडा काळसर, पण टिचकी मारली की खणखणीत वाजणारा. मल्हारी तो पोटाशी धरून अंगणभर फिरला.

"आबा, आता माती नका आणू," तो म्हणाला.

कुंभार माघारी निघाला. घरी येऊन त्याने चाक धुतलं आणि कुंभारणीने माती मळायला घेतली.

उन्हाळ्याच्या पहिल्या मोठ्या बाजारात बापलेक शेजारी शेजारी बसले. एका गिऱ्हाइकाने दोघांचे माठ वाजवून पाहिले. "एकाच घरचे दिसतात," ती बाई म्हणाली.

"नाही बाई," कुंभार हसून म्हणाला, "दोन घरचे आहेत."

तात्पर्य: घराबाहेर पडलेल्या लेकराला उभं राहायला जरूर हात द्यावा, पण त्यापायी आपली चूल विझवू नये; ज्या मदतीची गरज एक दिवस संपते, तीच आईबापांची खरी मदत.