ओठ न लावता

“मग किती दिवस उपाशी ठेवू त्याला, बुवा? तुम्हीच सांगा!”

नमस्कार करायचा राहूनच गेला. हेमांगीताई मठाच्या ओट्यावर चढल्या त्या हा प्रश्न घेऊनच.

गेनूबुवा वाल सोलत बसले होते. त्यांनी टोपलं बाजूला सरकवून जागा करून दिली.

हेमांगीताई कराडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. वडिलांचं बोट धरून मठात यायच्या तेव्हा त्या परकरात होत्या. आता त्यांच्या कडेवर त्यांचा निनाद होता, बावीस महिन्यांचा.

पोर रडत नव्हतं. मला तेच बरं वाटेना.

“परवा सकाळी बाटली बंद केली,” त्या म्हणाल्या. “दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढचे दात किडायला लागलेत. झोपेतसुद्धा तोंडात बाटली असायची ना. तेव्हापासून दुधाचा थेंब नाही पोटात. चमच्याने पाणी घेतो, थोडी पेज चाटतो, बस्स. आज सकाळपासून एकदाच शू केली त्याने… एकदाच, बुवा.”

“आन् पेल्यानं?”

“पेला जवळ आला की तोंडावर हात ठेवतो. दोन्ही हात.”

त्यांनी पिशवीतून भांडी काढून चटईवर मांडली. तोटीचा प्लास्टिकचा पेला. नळीचा पेला. दोन कानांचा. झाकणाला भोकं असलेला. आजोळचं चांदीचं बोंडलं, ज्याच्या चोचीतून पूर्वी तान्ह्या बाळांना दूध पाजायचे. आणि कुठून तरी परदेशातून मागवलेला एक, तो कसा वापरायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सहा भांडी आणि एक उपाशी पोर.

“हट्ट आहे,” मी म्हणालो. “आणखी एक दिवस काढा. पोटात कावळे ओरडायला लागले की झक मारत पिईल.”

“कारकून,” बुवा म्हणाले, “तुला पोरं किती?”

तलाठी कचेरी सोडून मठात आलो त्याला अकरा वर्षं झाली, पण बुवांच्या तोंडी मी अजून कारकूनच आहे. आणि लग्न तर मी केलंच नाही.

निनाद आईच्या गुडघ्याला टेकून उभा होता. डोळे मोठे झालेले, ओठ सुकलेले. ताईंचा एक हात त्याच्या पाठीवर होता आणि दुसरा सारखा पिशवीकडे जात होता.

“सगळ्या बाटल्या टाकल्यास?” बुवांनी विचारलं.

“हो.”

बुवा एक शेंग सोलेपर्यंत थांबले.

“…एक आहे,” ताई म्हणाल्या. “पिशवीत. अगदीच वाटलं तर असावी म्हणून. इथे येताना दोनदा बाहेर काढली आणि परत ठेवली. माझं मलाच कळत नाही मी काय करतेय. पहिल्याच महिन्यात मला कावीळ झाली, बुवा. मी दवाखान्यात, हा घरी. अंगावर पाजायचं राहूनच गेलं. परत आले तर ह्याला बाटली माहीत, मी नाही. आता ती हातातून काढून घेताना वाटतं, ह्याच्या आईलाच मी हाकलून दिलं.”

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

बुवांनी तांब्या पुढे केला.

“दमून आलीस. पानी पी.”

ताईंनी तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि वीतभर उंचीवरून धार सरळ घशात सोडली. गट गट गट. हनुवटीवर एक थेंब सांडला नाही.

“झ्याक पितेस.”

“आमच्याकडे सगळे असंच पितात.” इतक्या काळजीतही त्यांची मान जराशी ताठ झाली. “सासूबाईंची शिस्त आहे. भांड्याला कुणी ओठ लावायचा नाही, कुणाचं उष्टं कुणी घ्यायचं नाही. मला तर लहानपणापासूनची सवय. आजवर मी कुठल्या भांड्याला ओठ लावलेला नाही.”

“च्या?”

“मी घेत नाही. हे आणि सासूबाई घेतात, पण आत. ह्याच्यासमोर नाही. मागतो ना.”

“मंजी ह्यानं कुनाला कशाला तोंड लावून पिताना बघितलंच न्हाई.”

हा प्रश्न होता की नाही ते ताईंना कळलं नाही.

“परत पी,” बुवा म्हणाले.

“तहान नाही आता.”

“पी गं. आन् कारकून, तू हिच्याकडं बघू नगंस. पोराकडं बघ.”

ताईंनी पुन्हा मान मागे टाकली. धार पडली. मी पोराकडे बघितलं.

निनादनेही मान मागे टाकली होती. तोंड आभाळाकडे उघडं, डोळे गच्च मिटलेले. आणि दुसऱ्याच क्षणी त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले.

“ताई,” मी विचारलं, “पहिल्यांदा पेला दिलात तेव्हा ह्याला ठसका लागला होता का?”

“लागला होता. परवाच. नाकातून आलं सगळं दूध. तुम्हाला कसं कळलं?”

मी बुवांकडे बघितलं. त्यांचं वालाकडे लक्ष होतं.

“हा मान मागं टाकतो,” मी म्हणालो. “तुमच्यासारखी. आत्ता टाकली.”

“नाही हो! मी कधी नाही बघितलं.”

“कशी बघशील?” बुवा म्हणाले. “तू तवा आढ्याकडं बघत असतीस.”

ताईंच्या हातातला तांब्या खाली आला.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण हे मला आत्ता सुचतंय. घटकाभरापूर्वी मी त्याच लेकराला आणखी एक दिवस उपाशी ठेवायला निघालो होतो.

बुवांनी मला चुलीवरचं दूध आणायला सांगितलं. कोमट झालं होतं. त्यांनी आपली करवंटी फडक्याने पुसली आणि निम्मी भरली. नारळाची साधी करवंटी, घासून घासून काळी कुळकुळीत झालेली. बुवा जेवतात त्यात, पितात त्यात.

ती त्यांनी पोरासमोर नाही, ताईंसमोर ठेवली.

“पी.”

“मी? बुवा, उपाशी तो आहे!”

“व्हय.”

“दुसरं भांडं नाही का?”

“हायेत की. सा हायेत. तूच आनलीस.”

ताईंनी करवंटी उचलली. सवयीने मान मागे गेली, करवंटी वर गेली. पण करवंटीला ना गळा ना चोच. दूध धार धरेना. ते भसकन नाकावर, हनुवटीवर, गळ्यावरून ओढणीत गेलं.

निनाद हसला.

तीन दिवसांतला त्याचा पहिला आवाज असावा, कारण ताई दचकल्याच. दुधाची मिशी उमटलेल्या आईकडे तो बोट दाखवत होता.

बुवांनी करवंटी पुन्हा भरली.

“पी.”

ताईंनी ती दोन्ही हातांत धरली. त्यांनी करवंटीकडे बघितलं, मग बुवांकडे. पस्तीस वर्षांची शिस्त होती, आणि भांडं दुसऱ्याच्या तोंडचं.

निनादने वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

ताईंनी ओठ टेकवले.

घोट घेतला तो लहानसाच. पण मान सरळ होती, त्यामुळे करवंटीच्या वरून त्यांचे डोळे समोर लागले. समोर पोर होतं. ते एकटक बघत होतं, आईच्या ओठांकडे.

दुसरा घोट. तिसरा.

निनाद एक पाऊल पुढे आला. त्याने काठाला बोट लावलं, मग हात. मग करवंटी आपल्याकडे ओढली.

“उष्टं आहे रे…” ताईंच्या तोंडून निघून गेलं.

बुवांच्या हातातली शेंग थांबली.

ताईंनी करवंटी सोडली नाही, पण त्याच्याकडे वळवली. निनादची मान मागे जाऊ लागली. ती निम्म्यात थांबली. त्याने आईकडे बघितलं, मान पुढे आणली आणि आईने जिथे ओठ लावले होते तिथेच आपले ओठ लावले.

निम्मं सांडलं. एकदा बारीकसा ठसका लागला, ताईंचा जीव गेला आणि आला. पण हात तोंडावर गेले नाहीत. घशाखाली उतरल्याचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

तेव्हा ताई रडल्या. भरपूर रडल्या. निनाद मधेच थांबून त्यांच्याकडे बघायचा आणि पुन्हा प्यायचा.

करवंटी रिकामी झाल्यावर तो तिथेच चटईवर त्या सहा भांड्यांत बसला आणि झाकणं एकमेकांवर आपटू लागला. थोड्या वेळाने चटई ओली झाली. कधी कुणाच्या मुतण्याचा इतका आनंद मठात झाला नव्हता.

ताईंनी ओढणीने डोळे पुसले, सामान गोळा केलं, पोराला कडेवर घेतलं. ओट्याच्या पायरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. हात पुन्हा पिशवीत गेला, जिथे ती बाटली होती. चेहऱ्यावर मघाचीच काळजी परत आली.

“बुवा… इथे प्यायला. पण घरी गेल्यावर नाही प्यायला तर?”

बुवांनी टोपलं पुढे ओढलं आणि एक शेंग उचलली.

“तर तू पी.”