मरून काठी

“पण पांढराच का, बाबा?”

महालिंगमास्तरांनी विचारलं.

नागोजीबाबा गप्प. ओसरीच्या खांबाला टेकून, मांडीवर आडवी काठी घेऊन बसलेले.

…

मास्तरांना हे गप्प बसणं आवडलं. चांगला मुरलेला माणूस दिसतोय, असं त्यांना वाटलं. ते जरा पुढं सरकले.

मास्तर म्हणजे इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं रंग मिसळणारे. नुसत्या नजरेनं सांगायचे, की या निळ्यात लाल चिमूटभर कमी पडलाय. मालक त्यांना दाखवल्याशिवाय माल पुढं सोडत नसे. आणि नेमक्या त्याच डोळ्यांना काचबिंदू झाला. समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं गेलं. पाइपातून बघावं तसं.

आठ महिने झाले, ते एकटे घराबाहेर पडले नव्हते. शेवटचं बाहेर पडले तेव्हा एका मोटरसायकलवाल्यानं त्यांना उडवता उडवता सोडलं, आणि वर “डोळे फुटलेत का रे म्हाताऱ्या?” म्हणून निघून गेला. तेव्हापासून कोपऱ्यावर चहा प्यायला जायचं, तरी बायकोचा हात धरावा लागे. ते फार जिव्हारी लागलं होतं त्यांना.

काठी टेकत चालायला ते दवाखान्याच्या अंगणात महिनाभर शिकले. रस्ता तेवढा राहिला. तो डोंगराखालच्या मठात नागोजीबाबांकडं शिकायचा. बाबा जन्माचे आंधळे. त्यांचा नियम एकच. ज्यानं त्यानं आपली काठी आपल्या हातानं पांढरी रंगवायची आणि मग फाटकाबाहेर पडायचं.

मास्तरांनी काठी घरूनच रंगवून आणली होती. मरून! तीन रंग मिसळून काढलेला गडद तांबडा, वर पॉलिश. बघणाऱ्याला वाटावं, कुणी शौकीन गृहस्थ फिरायला निघालाय.

“पांढरा हा काय रंग झाला, बाबा? आमच्याकडं पांढरं म्हणजे अजून कामाला न लागलेलं कापड. डॉक्टरांच्या कोटावर मी हिरवी फीत बघितली, काचबिंदूची म्हणे. भिंतीवर गुलाबी फीत, ती स्तनाच्या कर्करोगाची. मधुमेहाला निळं वर्तुळ. सगळ्यांच्या वाट्याला रंग आले, आणि आंधळ्याच्याच हातात पांढरं?”

…

“बरं, ते सोडा. खरं सांगू? ती पांढरी काठी हातात दिसली, की सगळा बाजार वळून बघणार. बिचारा म्हणणार. ते मला सोसायचं नाही, बाबा.”

बाबांनी नुसतं तोंड वाऱ्याकडं केलं.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. काय हे मौन!

“कळलं,” ते हळूच म्हणाले. “प्रश्नच चुकीचा विचारला मी. असंच ना?”

तेवढ्यात गोदाक्का चहा घेऊन आली. मठातला स्वयंपाक तिच्याकडं. बायकोनं फाटकाशी सोडल्यावर मास्तर आत शिरले, तेव्हा गोदाक्का सांगायला लागली होती, “बाबांशी बोलायचं तर आधी…” पण मास्तरांनी तिला मध्येच तोडलं होतं. साधूपुढं कसं बोलायचं ते मला शिकवू नका बाई, म्हणाले होते.

आता तिला हसू आवरेना.

“अवं मास्तर, कुणाशी बोलताय?”

“बाबांशी.”

“त्यांस्नी ऐकू येत न्हाई. बारा वर्षं झाली.”

“काय सांगता?”

“तुमच्यासारख्या रंगातल्या माणसाला मी काय सांगू? काठीवर हाय की सगळं.”

मास्तरांनी मान वळवून बाबांच्या मांडीवर नजर नेली. पांढरी काठी, तिच्यावर दोन लाल पट्टे. ते त्यांनी आल्या आल्याच पाहिले होते. लाल जरा नारिंगीकडं गेलाय, रंगवणारा कच्चा दिसतोय, असंही मनात म्हणून झालं होतं.

“नुसती पांढरी असली, तर दिसत न्हाई. लाल पट्टे असले, की दिसतबी न्हाई आन् ऐकूबी येत न्हाई,” गोदाक्का म्हणाली.

मास्तर लाजेनं अर्धे झाले. एवढं बोललो ते कुणाशी?

गोदाक्कानं त्यांचं बोट धरलं आणि बाबांच्या तळहातावर टेकवलं. “एकेक अक्षर काढा. लाकडाच्या अक्षरांवर हात फिरवून शिकल्यात ते. तुम्ही लिवा, ते तोंडानं बोलतील.”

मास्तरांनी लिहिलं. पां… ढ… रा… च… का.

बाबा एकदम खुलले. “अरेच्चा! कुणीतरी आलंय होय! कधीपासून बसलायस?”

त्याचं उत्तर मास्तरांनी टाळलं. तोच प्रश्न पुन्हा लिहिला.

“मला काय ठाऊक? पांढरा कसा असतो रे?”

मास्तरांनी झटकन लिहिलं, दूध.

“दूध कोमट असतं. पुढं?”

कापूस.

“तो मऊ. पुढं?”

मास्तरांचं बोट तळहातावर तसंच थांबलं. तीस वर्षं रंगात काढलेला माणूस, आणि पांढरा काही सांगता येईना.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

आता मास्तरांना भलतंच कुतूहल वाटायला लागलं. स्वतःचं गाऱ्हाणं घटकाभर बाजूला पडलं. त्यांनी लिहिलं, लाल?

“तोही नाही पाहिला. कान गेले तेव्हा कुणी म्हणालं, असे पट्टे मारतात. मारले. बाजाराच्या दिवशी चौकात जाऊन उभा राहिलो. पट्ट्यांचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. लोकांनी हॉर्न वाजवले म्हणे, शिव्या दिल्या म्हणे. मला कुठं ऐकू येतंय!”

बाबा खुदकन हसले.

मग?

“पुढच्या बाजाराला पुन्हा जाऊन उभा राहिलो.”

किती दिवस?

“चार वर्षं. मग एका बाजाराला एकानं हाक न मारता हातावर हात ठेवला.”

मास्तर आणखी जवळ सरकले. मग लिहिलं, लोक बिचारा म्हणतील.

बाबांचा हात मरून काठीला लागला. त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली. “छान गुळगुळीत केलीयस. पांढरी आहे?”

नाही.

“का?”

आंधळा आहे ते कळू नये म्हणून.

“मग? कळलं नाही ना कुणाला?”

मास्तरांना तो मोटरसायकलवाला आठवला. त्यालाही कळलं नव्हतं.

बाबांनी बाजूचा पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश त्यांच्यापुढं सरकवला.

मास्तरांनी पहिला हात दिला. खालचा मरून गुलाबी होऊन डोकावला. वाळल्यावर दुसरा हात. मग तिसरा. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. गोदाक्का म्हणाली, “झाली की झ्याक!” पण मास्तरांना मुठीपाशी अजून एक पुसट झाक दिसत होती. चौथा हात दिला. झाक गेली, तरी ब्रश खाली ठेववेना. ब्रश ठेवला, की फाटक होतं. त्याच्यापलीकडं रस्ता, आणि बायकोचा हात नाही.

शेवटी त्यांनी बाबांच्या तळहातावर लिहिलं, पुरेशी पांढरी झाली का?

बाबा उठले. काठी टेकत अंगण ओलांडून गेले आणि फाटकाची कडी काढली.

“मला काय विचारतोस? चौकात जा. समोरून येणाऱ्याला विचार.”