फादरांसाठी बदामाच्या कैऱ्या

वसईकडे केळीच्या बागांचं एक गाव होतं. त्या गावात बावतीस नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर खिडकीतून येऊन गेला तरी हा दाराकडेच बघत बसायचा. केळी पिकवण्यात मात्र गावात कुणी त्याचा हात धरू शकत नव्हतं. पेंढ्यात घड झाकावा, निखाऱ्यांची धुरी द्यावी, तर बावतीसनेच.

त्याला पावलीनमावशीने सांभाळलं होतं. मावशी मायेची, पण तोंडाची फटकळ.

गावच्या चर्चमध्ये इटलीचे एक म्हातारे फादर होते, फादर वितोरियो. तरुणपणी आले आणि इथलेच होऊन गेले. दर नाताळला करंजी हातात घेतली की त्यांचे डोळे भरून यायचे. मावशीला म्हणायचे, "माझी आई बदाम वाटून त्याची फळं करायची. अगदी खऱ्यासारखी! कशी करायची ते मी कधी पाहिलं नाही गं. नुसती खाल्ली."

यंदा फादरांची तब्येत फारच उतरली होती. मावशीला ते बघवेना. सगळ्या गावासमोर ती बोलून बसली, "फादर, ह्या नाताळला तुमच्या आईच्या चवीची फळं तुम्हाला खायला घालीन. नाही घातली तर पावलीन नाव लावणार नाही!"

बोलून बसली खरी. पण मदतीला घरात कोण? बावतीस!

"बावतीस, हे बदाम गरम पाण्यात टाक, आणि मग साल काढ."

बावतीसने टाकले. साल काढली. बदाम कसे पांढरेशुभ्र!

"शाब्बास रे माझ्या वाघा!" मावशी म्हणाली. "आता साखरेचं बघ. मी बदाम वाटते."

वाघ साखर घेऊन गेला आणि परत येईचना. मावशी बघते तर हा गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसलेला.

"काय करतोयस रे?"

"साल शोधतोय मावशे. आता होती साखर. साल काढायच्या आधीच कुठं गेली बघ!"

"अरे देवा! साखरेला साल असते का? साखर खलबत्त्यात कुटायची आणि फडक्यातून चाळायची!"

"आलं ध्यानात."

डब्यात थोडी साखर उरली होती. ती मावशीने स्वतःच कुटली. मग म्हणाली, "जा, कोंबड्यांची अंडी आण आणि तयार करून ठेव."

बावतीसने अंडी खलबत्त्यात घातली. कुटली. टरफलासकट. मग फडक्यात ओतून पिळत बसला.

"मावशे, हे काही नीट चाळलं जात नाही."

मावशीने कपाळाला हात लावला. "मेल्या, अंडं अलगद फोडायचं! पिवळं काढून टाकायचं, पांढरं ठेवायचं. एवढंही कळत नाही?"

"आता कळलं ना."

मावशीने शेजारून अंडं मागून आणलं, बदाम-साखर मळली आणि फळं वळायला बसली. काय हात तिचा! केशर घालून पिवळी केळी केली, पालकाच्या रसाने हिरव्या कैऱ्या केल्या, आणि उरलेल्या गोळ्याचे पांढरे जांब. ताटात मांडल्यावर वाटावं, आत्ताच बागेतून काढून आणलेत. "नीट लक्ष ठेव," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

परत येते तर ताटात केळी नाहीत. अंगणात कोंबड्या चोची पुसतायत.

"पिवळं काढून टाकलं मावशे. पांढरं ठेवलंय बघ. हिरव्याचं तू काही सांगितलं नव्हतंस."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. "अरे करंट्या, पिवळं म्हणजे पिकलेलं! पाहुण्याला पिकलेलं द्यायचं असतं, कच्चं नाही! तू नेमकं तेच कोंबड्यांना घातलंस!"

बावतीसलाही रडू आलं. मावशीला रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने मनाशी पक्कं केलं, आता चुकायचं नाही.

शेवटी मावशीने डोळे पुसले, उरलेल्या कैऱ्या-जांब टोपलीत भरले. "जा, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आत फादरांना नेऊन दे. मी लुगडं बदलून आलेच."

तुम्ही म्हणाल, परत याच्याच हाती दिली? अहो, दुसरं होतं कोण!

मावशी चर्चपाशी पोचली, तर दारातून धूर येतोय! लोक बादल्या घेऊन धावतायत, फादर खोकत काठी आपटतायत. धूर नाताळसाठी पेंढा घालून मांडलेल्या गोठ्याच्या देखाव्यातून येत होता. मावशीने पेंढा भराभर उपसला. खाली धूपदाणीतले निखारे, वर नीट राख पसरलेली. आणि पेंढ्याच्या आत तिची फळं! वरून लालसर भाजलेली, कडेला तडकलेली.

"संपलं सगळं," मावशी म्हणाली.  "फादर, मला क्षमा करा."

फादरांनी एक कैरी उचलली. हुंगली. चावली. आणि तिथेच बाकावर बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पावलीन, हीच गं हीच! आई भट्टीत भाजत असणार, आज कळलं! असाच वास यायचा घरभर!"

मावशी हसते आणि रडते. सगळं गाव टाळ्या वाजवतंय. कुणीतरी बावतीसला उचलून घेतलं.

फादरांनी दुसरी कैरी घेतली आणि लाडाने विचारलं, "पण बाळा, तू ही पेंढ्यात का घातलीस?"

"हिरवी होती ना, फादर. पाहुण्याला कच्चं द्यायचं नाही. पिकत घातली."

"आणि तेही आमच्या गोठ्यात?" फादर हसत म्हणाले, आणि त्यांनी गोठ्याकडे नीट पाहिलं. उरलेल्या पेंढ्यातून बाळ येशूची मूर्ती डोकावत होती. सकाळी त्यांनीच पेंढ्यात ठेवली तेव्हा गोरीपान होती, आता चिकूसारखी तपकिरी.

"बावतीस! अरे, बाळाला काय केलंस हे?"

बावतीसने जीभ चावली. मग फादरांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, म्हणजे चारचौघांत त्यांची लाज जायला नको:

"त्याला तर तुम्हीच पेंढ्यात पिकत घातलं होतं, फादर. फक्त धुरी द्यायची विसरला होतात. ती मी दिली."