चुकलेला पाणाड्या

एकदा एका उजाड माळावरच्या पाठशाळेची विहीर आटली. उन्हाळ्याआत पाणी सापडले नाही, तर पाठशाळा मोडून सर्वांना घरी पाठवावे लागेल, असे वृद्ध आचार्यांनी स्पष्टच सांगितले. तेव्हा त्यांच्या पट्टशिष्याने जमिनीखालचे पाणी सांगणारे दोन पाणाडे बोलावून आणले.

पहिला मोठा नावाजलेला. तळहातावर नारळ ठेवून तो माळभर फिरला, नारळ उभा राहिला तिथे थांबला आणि म्हणाला, की इथे पाणी आहेच. मात्र खोदणाऱ्याच्या मनात किंतु असेल, तर ते खाली सरकते. आजवर त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता. ठरणार तरी कसा?

दुसऱ्याने वारुळे पाहिली, जांभळीच्या मुळाशी माती चोळून पाहिली आणि तिसाव्या हाताला पाणी सांगितले. तिथे ओल नसेल, तर आपण चुकलो असे समजून काम थांबवा, असेही तो म्हणाला.

आचार्यांनी दुसऱ्याच्या जागी खोदायला लावले. तीस हातांवर कोरडा खडक निघाला, आणि आचार्यांनी पुन्हा त्यालाच बोलावणे धाडले. शिष्याला राग आवरेना. हातांवरचे फोड दाखवत तो म्हणाला, "गुरुजी, हा उघड उघड चुकला. तरी याच्याच मागे का?"

"अरे, तो चुकला हे तुला कळले कशावरून?" आचार्य शांतपणे म्हणाले. "त्यानेच आधी सांगून ठेवले होते, म्हणून. नारळवाल्याच्या जागी शंभर हात खोदलेस, तरी तो चुकला हे तुला कळणार नाही, आणि त्यालाही नाही. तो तुझ्या मनाला दोष देईल. हा खड्ड्यात उतरेल."

पाणाड्या आला तो खरोखरच आधी खड्ड्यात उतरला. खडकाचा थर चाचपून ओशाळलेल्या चेहऱ्याने वर आला. थराचा उतार आपल्या ध्यानात आला नव्हता, असे कबूल करून त्याने चाळीस पावले उगवतीला नवी खूण केली. या वेळी पंचवीस हात. नाही लागले, तर पुन्हा चुकलो.

चोविसाव्या हाताला शिष्याच्या पायांखालची माती ओली झाली. वर उभे असलेले सगळे आनंदाने हसू लागले.

पाठशाळा राहिली. दुसऱ्या दिवशी आचार्य पाठ सांगत असता शिष्याने नम्रपणे विचारले, "गुरुजी, आपण सांगता ते चुकीचे असेल, तर ते कशावरून ओळखायचे?"

आचार्यांना फार बरे वाटले. त्यांनी पोथी मिटली आणि शिष्याला जवळ बसवून घेतले.