कासवीणबाईंचा प्रश्न

फार पूर्वी एका नदीकाठी पाणमांजरांच्या पिल्लांची शाळा भरत असे. बगळेगुरुजी म्हणत, "आधी माशांची नावं पाठ करा, मग पोहा." खंड्यामास्तर म्हणत, "पिल्लांना वाटेल तेच करू द्या." दोघांचा वाद संपेना, आणि बुटक्या नावाचं पिल्लू काही पोहायला शिकेना.

उन्हाळ्यात अलीकडच्या काठचे मासे संपले. कळपाने पलीकडच्या काठी जायचं ठरवलं.

बुटक्याची आई रडकुंडीला आली. "याला मागे ठेवून मी कशी जाऊ?"

म्हाताऱ्या कासवीणबाईंना तिची दया आली. त्यांनी बुटक्याला जवळ घेतलं. "बाळा, तुला भीती कशाची वाटते?"

"पाण्यात कान बुडले की आई ऐकू येत नाही."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं!

"मग आईच्या शेपटीला मिशा टेकवून पोह. ती आहे, हे तुझ्या मिशांना कळेल."

तीन दिवस दोघं तशी उथळ पाण्यात पोहली. चौथ्या दिवशी बुटक्या आईमागून नदी पार करून गेला.

दोन्ही गुरुजी ओशाळून कासवीणबाईंकडे आले. "उद्यापासून आधी काय शिकवावं?"

"मला काय विचारता?" बाई हसल्या. "पिल्लं तिकडे बसली आहेत."