कामगिरीवर गेलेले मास्तर

सन दोन हजार अठरा, जानेवारीची थंडी, संक्रांत होऊन चौथा दिवस. हैबती गुरुजींनी तिसऱ्यांदा तेच विचारले.

“मग आमचा मास्तर कधी देतोस?”

प्रल्हाद कोंढाळकरांच्या कपाळाला आठी पडली.

ते तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. सव्वाशे शाळा त्यांच्या हाताखाली. डोंगराखाली गाडी ठेवून पाऊण तास चढून ते वस्तीवर आले होते. म्हाताऱ्याच्या पाया पडावे, चार कौतुकाचे शब्द ऐकावेत, एवढाच हेतू. याच एका खोलीच्या शाळेत, याच जमिनीवर बसून ते चौथी झाले होते. आणि दिवाळीच्या आधी सरकारने त्यांना विमानाने बर्फाच्या देशात पाठवले होते, तिथल्या शाळा बघायला.

नऊ दिवसांत चौदा शाळा.

गुरुजींचे वय ऐंशीच्या पुढे. निवृत्त होऊन पंचवीस वर्षे झाली. पण नोव्हेंबरपासून ते काठी टेकत रोज शाळेत येऊन बसत होते. शाळेला मास्तर एकच, खुटवड. खुटवडांचा संगणकावर हात चांगला, म्हणून साहेबांनी त्यांना कामगिरीवर तालुक्याला नेले होते. परदेश दौऱ्याचा अहवाल करायचा होता. फोटो लावायचे होते, नकाशे काढायचे होते.

साहेबांनी पुन्हा समजावून सांगितले. अहवाल जिल्ह्याला जाणार. त्यावरून सगळ्या शाळा सुधारणार. मोठ्या कामासाठी एका वस्तीने थोडी कळ सोसायला हवी. मार्च संपला की खुटवड मोकळे.

“चौदा पोरं,” गुरुजी म्हणाले. “आजचा धरून बावन्न दिवस.”

“तुम्ही आहात ना, गुरुजी.”

“मला ऐकू कमी येतं. पोरं चुकीचे पाढे म्हणतात आणि मी मान डोलावतो.”

मुले खुसखुसली. ते त्यांना आधीच ठाऊक होते.

साहेबांनी मोबाइल काढला. काचेच्या भिंती दाखवल्या, गोल टेबले दाखवली, दाराशी ओळीने ठेवलेले बूट दाखवले. गुरुजींनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि परत दिला.

“सगळ्यांत तूच उभा आहेस.”

साहेब जरा चढ्या आवाजात सांगू लागले. तिथे मुलाच्या कलाने शिकवतात, परीक्षेची भीती नाही, शिक्षकाला मोकळीक आहे... गुरुजींनी मोठी जांभई दिली.

“कुणाला शिकवताना बघितलंस का?”

“चौदा शाळा बघितल्या, गुरुजी.”

“शिकवताना.”

साहेब आठवू लागले. खरे म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधी स्वागत, मग पडद्यावर माहिती, मग इमारत बघणे, मग जेवण. वर्गात डोकावले की पुढच्या शाळेची गाडी लागलेली.

“एक बाई बघितली,” ते शेवटी म्हणाले. “एका पोराला गणित येत नव्हतं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.”

“मग?”

“मग काही नाही. बसून राहिली. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं, आम्हाला उशीर होत होता.”

“अहवालात लिहिलंस?”

“त्यात लिहायचं काय? ती काहीच करत नव्हती.”

बाहेर कुठेतरी शेळी ओरडत राहिली...

“त्या सुवर्णाचं गणित बघ जरा,” गुरुजी म्हणाले.

सुवर्णा मरगळे, तिसरीतली पोरगी. पाटीवर तीनशे दोनातून एकशे सत्तेचाळीस वजा करायचे होते. सकाळपासून ती शून्यापाशी अडली होती. साहेबांनी उभ्याउभ्याच पाटी घेतली, खाली एकशे पंचावन्न लिहिले आणि परत दिली.

“हे बघ, असं.”

पोरीने मान हलवली.

गुरुजी उठले. त्यांनी तिच्या हातातली पाटी घेतली, साहेबांचे उत्तर तळहाताने पुसले आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. मग काठी बाजूला टाकून, पोरांच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसले. हाताची घडी, तोंडावर बोट.

मुले त्यांच्याकडे बघेनात. सगळी साहेबांकडे बघू लागली.

साहेब उभे राहिले. चांगले चिडले होते. सोमवारी जिल्ह्याला बैठक, अहवाल अर्धा, आणि हा म्हातारा पोरखेळ मांडून बसला होता. पायरी उतरून निघून जावे, असेही त्यांच्या मनात आले. दारापर्यंत गेलेही.

मग परत आले आणि सुवर्णाच्या शेजारी बसले. विजार गुडघ्यात ताणली गेली.

पोरीने अंग चोरले. थोड्या वेळाने चिंचोके मांडले, मोडले. पाटीवर दोनशे पंचेचाळीस लिहिले. साहेबांचा हात पाटीकडे गेला... आणि अर्ध्यातून मागे आला. खिशात मोबाइल थरथरला. त्यांनी तो काढला नाही.

पोरगी आपल्याच आकड्याकडे बघत राहिली. थुंकी लावून पुसला.

“साहेब, शून्याकडं काहीच नाही. मग त्याच्याकडनं आणू कसं?”

उत्तर साहेबांच्या जिभेवर होते. त्यांनी ते गिळले.

पोरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तिथे काही मिळत नाही हे बघून पुन्हा पाटीकडे वळली. ओठ हलू लागले. “याच्या घरात नाही... तर याच्या पलीकडच्या घरी जायचं...” तिने तिनावर काट मारली. दोन लिहिले. थांबली. शून्यावर काहीतरी केले, पुसले, परत केले.

खाली गाडीचा हॉर्न तीनदा वाजला आणि बंद झाला.

एकशे पंचावन्न.

पाटी तिने साहेबांना दाखवलीच नाही. शेजारच्या पोरीच्या नाकासमोर धरली. “आलं बघ मला.”

साहेबांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरून ते उठले. गुरुजींनी तोंडावरचे बोट काढले.

“एक दिवस फिटला. एक्कावन्न राहिले.”

सोमवारी खुटवडांना पाठवून देतो, असे साहेबांनी सांगितले.

“त्याला पाठव. तो त्याचं काम करील. मी तुझं म्हणतोय.”

“मला रविवारशिवाय सुट्टी नसते, गुरुजी.”

“मग रविवारी.”

खुटवड सोमवारी परत आले. अहवाल अर्धाच गेला, त्यावर साहेबांना जिल्ह्याची बोलणी खावी लागली. रविवारी ते डोंगर चढू लागले. मुलांनी पहिले दोन महिने नाके मुरडली. सुट्टीच्या दिवशी साहेब नको, म्हणून दोघे तर शेळ्यांमागे पळाले. साहेब त्यांच्यासाठी थांबून राहिले. मधला एक रविवार तापात बुडाला. गुरुजींनी तो माफ केला नाही, पुढे ढकलला.

डिसेंबरात साहेबांना पत्र आले. आणखी एक देश, आणखी बारा शाळा. आपण नाही म्हणून कळवणार आहोत, असे त्यांनी गुरुजींच्या कानात मोठ्याने सांगितले. गुरुजींनी ऐकल्याचे दाखवले नाही.

पुढच्या संक्रांतीच्या आधीचा रविवार. चौथीतला एक पोरगा भागाकारापाशी अडला होता. दुपार कलेपर्यंत साहेब त्याच्या शेजारी बसून होते. पोरगा पाटी दप्तरात कोंबून पळाला. साहेब उठले, अंगावरची धूळ झटकली आणि गुरुजींच्या पाया पडले.

“बावन्न झाले,” गुरुजी म्हणाले. “आता त्या देशाला जाऊन ये.”