झुंबरचा रिफंड आणि कौतिकाचं मशीन

हिवरझरी नावाच्या एका गावात झुंबर नावाचा एक भोळा शिपाई होता. शिपाई म्हणजे शाळेतला, घंटा वाजवणारा. झुंबर आळशी नव्हता. लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो शब्दाला शब्द करायचा. सगळी अडचण तिथेच होती.

झुंबरची बायको कौतिका गावाचे कपडे शिवायची. वीस वर्षं पायानं मशीन मारून तिचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर मोटरवालं मशीन घ्या, नाहीतर शिवण सोडा." शिवण सोडलं तर खायचं काय? शिपायाचा पगार महिन्याच्या वीस तारखेलाच दम तोडायचा.

त्याच वर्षी झुंबरला पगाराची जुनी थकबाकी एकदम मिळाली आणि तिच्यावर कर जरा जास्तच कापला गेला. तालुक्याचे कर सल्लागार डहाळे यांनी हिशेब केला आणि म्हणाले, "झुंबरराव, तुम्हाला तेरा हजार सहाशे रुपये रिफंड येणार."

मशीन होतं अकरा हजारांचं. कौतिकानं ते ऐकलं आणि त्याच दिवशी मशीनला कापडाचं झाकण शिवून ठेवलं.

डहाळ्यांनी झुंबरला बजावलं, "बँकेतलं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. नाव जुळलं नाही तर आलेलं परत जातं."

"नाव जुळलं न्हाई तर परत," झुंबर म्हणाला. घरी येईपर्यंत तो तेच घोकत होता.

दारात मेहुणा उभा. हातात साजूक तुपाची बरणी. सासूबाईंनी पाठवलेली. बरणीवर चिठ्ठी, 'जावईबापूंसाठी'.

झुंबरनं खिशातून पॅन कार्ड काढलं. चिठ्ठीशेजारी धरलं. नीट वाचलं.

"पाव्हणं, परत न्या. हितं झुंबर गेनू वाघचौरे राहतो. जावईबापू नावाचं कुणी न्हाई."

"आवं दाजी, जावईबापू म्हंजे तुमीच की!"

"कार्डावर दाखवा."

मेहुण्याला काही ते कार्डावर दाखवता आलं नाही. तो बरणी घेऊन आल्या पावली परत गेला. दोन किलो तूप होतं हो! आजही कौतिका ते आठवलं की गप्प बसते.

त्या दिवशी मात्र ती गप्प बसली नाही. "आवं, कुणी काही घेऊन आलं, तर हसून 'हो' म्हणावं, आन सही मागितली तर सही करावी. समजलं का?"

"हो म्हणायचं, सही करायची," झुंबर म्हणाला. हसलाही.

आठवड्यानं त्याच्या फोनवर आयकर खात्याचा निरोप आला. झुंबरनं तो सेवा केंद्रात नेऊन वाचून घेतला. केंद्रवाल्यानं सांगितलं, "काका, तुमच्या नावावर जुना चार हजारांचा कर भरायचा राहिलाय असं दिसतंय. तो या रिफंडातून कापून घ्यायचा म्हणतायत. सहमत का असहमत?"

खरं तर तो कर झुंबरनं तेव्हाच भरला होता. डहाळ्यांच्या जुन्या कारकुनानं चलनावर वर्ष चुकीचं टाकलं, म्हणून तो बाकी दिसत होता. चलन घरात ट्रंकेत होतं. पण झुंबरनं विचार केला, निरोप दारात आलाय. केंद्रवाला घेऊन बसलाय.

तो छान हसला. "हो," म्हणाला. "सही कुठं करू?"

तेरा हजार सहाशेचे नऊ हजार सहाशे झाले.

डहाळ्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, कोणी रक्कम कमी करतो म्हणालं, की पहिला शब्द 'असहमत'! कारण लेखी द्यायचं. चलन जोडायचं. आता ते चार हजार सोडवायला मला वर्षभर पत्रं लिहावी लागतील."

"कमी करतो म्हणालं, की असहमत. कारण लेखी. चलन जोडायचं," झुंबर म्हणाला. या वेळी त्यानं चलन ट्रंकेतून काढून खिशातच ठेवलं.

नऊ हजार सहाशेत अकरा हजारांचं मशीन कसं बसायचं? कौतिका हरणारी नव्हती. ती झुंबरला घेऊन तालुक्याला शंकलालशेठच्या दुकानात गेली. तासभर बोलली. गुडघे दाखवले. शिवलेलं झाकण दाखवलं. शेठ तसा देवमाणूस. शेवटी त्याला पाझर फुटला.

"बरं वहिनी. तुमच्यासाठी दीड हजार कमी करतो. नऊ हजार पाचशे द्या."

"असहमत!" झुंबर ओरडला.

शेठ दचकला. कौतिका दचकली. झुंबरनं पुड्याच्या कागदावर कारण लिहिलं, 'आधी अकरा हजार सांगितले होते.' त्याला चलन टाचणीनं जोडलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"काय ओ हे?" शेठनं विचारलं.

"कमी करायचं न्हाई. आमी ऐकून घेणार न्हाई."

"मग अकरा हजारच द्या की," शेठ म्हणाला. "माझी कुठं ना आहे?"

कौतिकानं नवऱ्याला दुकानाबाहेर नेऊन उभं केलं. पुन्हा आत गेली, पुन्हा तासभर बोलली. शेठ म्हणाला, "साडेनऊला देतो. पण पुढच्या शुक्रवारपर्यंतच, नंतर माल नवीन भावाचा. आणि आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. टेम्पोतून मशीन घरी आणायचं, घरात बसवायचं, तेल घालायचं, एक शिवण मारून दाखवायची. मगच पैशाला हात लावायचा. वडिलांपासून असंच चालत आलंय."

बाहेर उभ्या झुंबरला मधल्या काळात काळजी लागली होती. त्याची दोन खाती होती, एक बँकेत आणि एक पतसंस्थेत. त्यानं डहाळ्यांना फोन लावला. "सायेब, रिफंड अर्धा हितं आन अर्धा तितं टाकता येईल का?"

"नाही हो! एकाच खात्यात सगळा. वाटणी करायची नाही!"

"एकालाच सगळं. वाटणी न्हाई," झुंबर म्हणाला.

सोमवारी गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस. शिऱ्याचं घमेलं काठोकाठ भरलेलं, वर वेलदोडा. सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या विठोबाअण्णा भगतांनी झुंबरला हाक मारली. "झुंबर, एवढा प्रसाद दे बरं मंडळींना."

रांगेत पहिला होता नामा लोहार. झुंबरनं अख्खं घमेलं उचलून नामाच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये कशाला?" नामा म्हणाला.

"तुमचा पहिला नंबर. सगळं एकालाच. बाकीच्यांनी घरला जावा."

चारशे माणसं रांगेत होती. त्यांनी झुंबरला काय काय म्हटलं ते सप्ताहात म्हणण्यासारखं नव्हतं. नामानं मात्र 'देवाची इच्छा' म्हणत दोन घास खाऊनही घेतले.

विठोबाअण्णा म्हातारे झालेले, शांत माणूस. त्यांनी झुंबरला समजावलं. "अरे लेकरा, हातात आलेलं एकट्याचं नसतंय. येईल त्याला सारखं द्यावं. ओळखीचा, बिनओळखीचा बघू नये. भांडं रिकामं झालं की हात जोडावं आन घरला जावं."

झुंबरला ते फार पटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आणि गुरुवारी रिफंड आला.

नऊ हजार सहाशे. पै न् पै. झुंबरनं बँकेतून सगळे काढले, विसाच्या नोटांमध्ये. चारशे ऐंशी नोटा झाल्या. कॅशियर म्हणाला, "काका, लग्नात उधळायच्यात का?" झुंबर हसला. तो चावडीवर येऊन बसला. नोटा घमेल्यात ठेवल्या.

येईल त्याला एक. सारखी. ओळखीचा, बिनओळखीचा पाहिलं नाही. एसटीतून खिडकीबाहेर हात काढणाऱ्यांनाही दिली. दुपारी घमेलं रिकामं झालं. झुंबरनं हात जोडले आणि घरी गेला. इतकं समाधान त्याला लग्नातही झालं नव्हतं.

कौतिकाला बातमी शेजारच्या अनसाबाईकडून कळली. ती नोट नाचवतच आली. "वैनी, तुमच्या घरी कशाचं उद्यापन हाय?"

कौतिकाला आधी राग आला नाही, रडू आलं. ते शिवलेलं झाकण तिनं मांडीवर घेतलं आणि ती पोटभर रडली. झुंबर शेजारी बसून राहिला. कौतिका रडली की त्याचं काळीज तुटायचं. "माझं काही चुकलं का?" त्यानं विचारलं.

मग राग आला. ती उठली, पदर खोचला. "मी गावातनं एकेक नोट गोळा करून आणते. तुमी घरात बसा. आतनं कडी लावा. पैशाच्या कामाला कुणीबी येऊ द्या, कुणीबी, दार उघडायचं न्हाई. ब्रह्मदेव आला तरी न्हाई!"

"कुणीबी आलं तरी न्हाई," झुंबर म्हणाला. आणि त्यानं कडी लावली.

कौतिका गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस दारोदार फिरली. रात्री नोटा मोजता मोजता ती अनसाबाईकडेच टेकली. इकडे झुंबरनं कुणालाही दार उघडलं नव्हतं. तो शाळेतही गेला नाही, घंटा मुलांनीच वाजवली.

शुक्रवारी दिवस कलायला आला तेव्हा झुंबरला बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग शंकलालशेठचा घसा खाकरल्याचा. मग दारावर थाप.

"आवं, उघडा. मी हाय."

"मी कोण?"

"कौतिका! आवं, झालं सगळं! गावानं नोटा परत दिल्या. एसटीवाल्यांच्या गेल्या त्या विठोबाअण्णांनी पदरच्या घातल्या. साडेनऊ हजार पुरे झालं बघा. शेठ मशीन घेऊन आलेत. घरात बसवू द्या, म्हंजे पैसं देता येतील."

झुंबरला फार आनंद झाला. बायकोचे गुडघे वाचले. तो उठला, कडीला हात घातला. मग थांबला.

"म्हंजे तुमी पैशाच्या कामाला आलात?"

"आवं, असं काय करता? शेठला सात वाजता निघायचंय. आजच्यापुरताच भाव हाय!"

"वहिनी, मी निघू का?" शेठचा आवाज आला. टेम्पो सुरू झाला.

"आवं, उघडा की! मी तुमची बायको हाय! मीच तर सांगितलं होतं न्हाई का, दार उघडू नका म्हणून!"

"सांगितलं होतं," झुंबर आतून मायेनं म्हणाला. "पर सांगताना तू सोताला वगळलं न्हवतंस."